मी न घेतलेली माघार

शनिवारी दुपारी कॉलेजातून घरी आले की आई सतरंजी पसरून घड्याळांना चावी देत बसलेली असायची. बुद्धिबळाची घड्याळं ती. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या, वर दोन खुंट्या. आपली खेळी झाली की आपली खुंटी दाबायची, आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं पळायला लागतं. अशी वीस घड्याळं आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत तांदळाच्या डब्यांमागे मुक्कामाला होती. रविवारी स्पर्धा असली की आदल्या दुपारी सगळ्यांना चावी द्यायची, तासभर चालवायची आणि कोण मागे पडतं, कोण पुढे धावतं ते बघून ठेवायचं, हे आईचं काम. वीस घड्याळं एकदम चालू झाली की शेजारच्या वहिनी भिंतीवर थाप मारून विचारायच्या, "सुमतीवहिनी, उद्या आहे वाटतं?" आईला बुद्धिबळ येत नव्हतं. घोडा अडीच घरं चालतो एवढं ती ऐकून होती आणि त्यातलं अर्धं घर नेमकं कुठलं, हे विचारून बाबांना भंडावून सोडायची. घड्याळं मात्र तिला एकेक करून ओळखू यायची. "सात नंबर लबाड आहे," ती सांगायची, "तासाला चार मिनिटं खातं. ते त्या भांडुपच्या काकांना द्या. ते तसेही वेळेच्या आतच हरतात."

बाबा एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. तिथे ते कामगारांची हजेरी घ्यायचे आणि घरी येऊन उपनगर बुद्धिबळ संघटनेचे सचिव व्हायचे. संघटनेचं कार्यालय म्हणजे आमची बाहेरची खोली, कपाट म्हणजे आमचं कपाट आणि शिपाई म्हणजे मी. संघटनेचे शिक्के स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात असत, कारण बाहेर ठेवले की धाकटा भाऊ ते स्वतःच्या पोटावर मारून हिंडायचा. एकदा चमच्याऐवजी शिक्का हातात आला, आईने घाईत तो पोळीवर टेकवला आणि पोळीवर जांभळ्या अक्षरांत 'सचिव' उमटलं. बाबांनी ती पोळी कुळथाच्या पिठीबरोबर मुकाट खाल्ली. आमच्यात रविवारी मासे असायचेच, पण स्पर्धेच्या रविवारी आईला सवड नसे, म्हणून पिठी-भात आणि भाजलेला सुका बांगडा. त्यामुळे लहानपणी माझा असा पक्का समज होता की बुद्धिबळ हा उपासासारखाच काहीतरी व्रताचा प्रकार असावा.

मी चांगली खेळायचे. हे आता या वयात लाजण्यासारखं राहिलेलं नाही. बाबांनी पाचव्या वर्षी पट मांडून दिला, तेराव्या वर्षी मी त्यांना हरवलं आणि त्यानंतर ते माझ्याशी खेळायचे थांबले. "संघटनेचं काम वाढलंय," असं म्हणाले. खरंच वाढलं होतं, कारण तेवढ्यात संघटनेत फूट पडली. फुटीचं कारण ऐकाल तर हसाल. बक्षीस समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर पार्ल्याच्या पेंडसे सरांचं नाव बाबांच्या नावाखाली आणि एक आकार बारीक टायपात छापलं गेलं. पेंडसे सर कॉलेजात गणित शिकवायचे, धोतर नेसायचे नाहीत पण नेसल्यासारखे चालायचे. त्यांनी ती पत्रिका भिंग घेऊन तपासली आणि वेगळी संघटना काढली. मग वाटणी आली. घड्याळं आमच्या घरात होती, ती आमच्याकडे राहिली. लाकडी सोंगट्यांचे चांगले संच त्यांच्याकडे होते, ते त्यांच्याकडे राहिले. पुढची चार वर्षं पूर्व उपनगरात उत्तम घड्याळं लावून प्लॅस्टिकच्या, वजिराचं डोकं निखळलेल्या सोंगट्यांनी खेळत आणि पश्चिमेला शिसवी सोंगट्यांनी खेळत, पण वेळ कोणीतरी मनगटावरच्या घड्याळात बघून ओरडायचं. दोन्हीकडचे लोक आपलीच संघटना अधिकृत म्हणून छाती काढून हिंडत होते.

अधिकृत असायचं तर मंडळं लागतात. ज्याच्याकडे जास्त संलग्न मंडळं, त्याची मतं जास्त. त्यामुळे दोन्हीकडे मंडळांचं पीक आलं. आमच्या बाजूला भांडुपचं एक मंडळ होतं त्याचा पत्ता पिठाच्या गिरणीचा होता. बाबांनी महिलांचंही मंडळ काढलं: 'मुलुंड महिला बुद्धिबळ मंडळ, अध्यक्षा सौ. सुमती वसंत परब'. आईला हे कळलं ते पोस्टमनने तिच्या नावाचं पत्र आणलं तेव्हा. "मी अध्यक्ष? कधीपासून?" तिने विचारलं. "सही कर गो, वाचूक कित्याक होया तुका?" बाबा म्हणाले. घरातलं काही दडवायचं असलं की बाबा मालवणीत शिरायचे. आईने सही केली. तिच्या मंडळाची सभासद यादी म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या तीन मजल्यांवरच्या बायका होत्या आणि त्यातल्या एकीलाही आपण बुद्धिबळपटू आहोत याचा पत्ता नव्हता.

मी बारावीत होते तेव्हा राज्य संघटनेकडून दोन्ही सचिवांना एकच पत्र आलं. मुलींच्या राज्य स्पर्धेसाठी उपनगरातून चार जणींचा एकच संघ घेऊ, दोन याद्या आल्या तर दोन्ही फाडून टाकू. आधी एक व्हा. चौघींपैकी तिघी राज्य क्रमवारीतून थेट आलेल्या, त्यांच्याबद्दल वाद नव्हता. चौथी जागा होती आणि तिला दावेदार दोघी. आमच्या निवड स्पर्धेत मी पहिली आले होते आणि त्यांच्या निवड स्पर्धेत पेंडसे सरांची पुतणी केतकी. आम्ही एकमेकींशी कधीच खेळलो नव्हतो, कारण पूर्वेचा खेळाडू पश्चिमेच्या स्पर्धेत दिसला तर त्याला नोटीस यायची. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते कसं सांगू? स्पर्धा नागपूरला होती. मी तोवर गावाशिवाय कुठेच गेले नव्हते आणि माझ्या नावापुढे आमच्या उपनगराचं नाव लिहिलेलं मला एकदा बघायचं होतं. मी वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहूनही पाहिलं होतं.

एकीकरणाची सभा घाटकोपरला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ठरली, कारण तिथे दोघांपैकी कोणाचंच मंडळ नव्हतं. पण खरी सभा आठवडाभर आधीच एका उडप्याकडे झाली, बाबा आणि पेंडसे सर यांच्यात, दोन दोन कॉफ्यांवर. आमच्या संघटनांमधली ही पद्धत बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. सभेत काय ठरलं हे सभेआधीच ठरलेलं असतं आणि त्याचं इतिवृत्तही आधीच लिहून तयार असतं. सभेत सचिव वहीतून ठराव वाचतात, सगळे 'मंजूर' म्हणतात, सह्या होतात, चहा होतो. बाबांचं अक्षर हजेरीपटात घालवलेल्या आयुष्यासारखं तिरकं आणि थकलेलं. माझं मात्र मोत्यासारखं. त्यामुळे इतिवृत्ताच्या जाड वहीत पक्कं लिहिण्याचं काम वर्षानुवर्षं माझं होतं. न झालेल्या सभा मी इतक्या लिहिल्या आहेत की त्यांत कोण खोकलं हेही सांगू शकेन. बाबांचा एकच दंडक होता, खाडाखोड चालणार नाही. खाडाखोड असलेलं पान म्हणजे लबाडी, असं ते मानत. न झालेल्या सभेचं वर्णन लिहिण्यात मात्र त्यांना काही गैर वाटत नसे.

तर सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आई घड्याळांशी बसली होती आणि मी बाबांचा कच्चा कागद समोर ठेवून वहीत उतरवत होते. 'सभा ठीक अकरा वाजता उत्साहात सुरू झाली.' ठराव एक, दोन्ही संघटनांचं विलीनीकरण. ठराव दोन, अध्यक्षपदी प्रा. पेंडसे. ठराव तीन, सचिवपदी श्री. परब. ठराव चार, घड्याळं व सोंगट्या एकत्र करणे. मग ठराव पाच: 'कु. नंदा परब हिने बारावीच्या अभ्यासामुळे स्वेच्छेने माघार घेतल्याने मुलींच्या संघातील चौथ्या जागेसाठी कु. केतकी पेंडसे हिची निवड सर्वानुमते करण्यात आली.' मी ते तीनदा वाचलं. मी माघार घेतली होती, तीही स्वेच्छेने, आणि मलाच ते ठाऊक नव्हतं. सचिवपदाच्या बदल्यात माझी जागा गेली होती, दुसऱ्या कॉफीच्या आसपास कधीतरी.

मी मान वर केली. बाबा खिडकीपाशी उभे राहून पाकिटांवर तिकिटं चिकटवत होते. मी विचारलं, "बाबा, सगळं लिहू ना? जसंच्या तसं?" त्यांनी वळून बघितलं नाही. म्हणाले, "शब्द न शब्द. आणि खाडाखोड नको." आज वाटतं, तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता म्हणूनच त्यांनी तो कागद माझ्याकडे दिला असावा, मी वाचीन, रडीन, आणि विषय संपेल. पण मी रडणाऱ्यांतली नव्हते. माझ्या आजीच्या भाषेत मी 'चेडवाच्या रूपातला भूत', म्हणजे मुलीच्या रूपातलं भूत होते. मला इतका राग आला होता की हात गार पडले आणि गार हातांनी मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं: 'ठराव पाच. मुलींच्या संघातील चौथ्या जागेसाठी कु. नंदा परब व कु. केतकी पेंडसे यांच्यात सर्वांसमक्ष निवड डाव घेण्यात यावा व जिंकणारीस संघात घ्यावे. सूचक, सौ. सुमती परब, अध्यक्षा, मुलुंड महिला बुद्धिबळ मंडळ.' सूचक म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव घालायची सोयच नव्हती. बाकी सगळे बाबांना घाबरायचे किंवा पेंडसे सरांना. आईला मी काही सांगितलं नाही. ती तेव्हा तीन नंबरच्या घड्याळाला कानाशी धरून बसली होती.

बाबांनी वही वाचली नाही. माझ्या लिखाणावर नजर फिरवणं त्यांना अपमानाचं वाटायचं, माझा अपमान. हा विश्वास मी त्या दिवशी वापरला, हे खरं आहे आणि त्याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. फार नाही.

रविवारी आम्ही दोन रिक्षा करून घाटकोपरला गेलो. एकीत बाबा आणि घड्याळं, दुसरीत आई, मी आणि साठ बटाटेवड्यांचा डबा. हॉलमध्ये एका बाजूला पूर्व आणि एका बाजूला पश्चिम असे लोक बसले होते, मधे लग्नात असते तशी वाट. पेंडसे सर पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी दोन वेण्या घातलेली, चष्मेवाली केतकी. तिला निवडीबद्दल गुलाबाचं फूल मिळणार होतं, ते टेबलावर पाण्याच्या ग्लासात आधीच ठेवलेलं होतं. राज्य संघटनेने पाठवलेले निरीक्षक म्हणजे एक वयस्कर गृहस्थ होते आणि ते आल्या आल्या परतीची वेळ विचारून घेत होते. आई मागे वड्यांच्या डब्यापाशी उभी राहिली. तिचं नाव मतदारांच्या यादीत होतं, पण खुर्ची कोणी ठेवली नव्हती.

बाबा सभेत एका वेगळ्याच आवाजात वाचायचे, गुरुजी मंत्र म्हणतात तसं, श्वास न घेता. ठराव एक, मंजूर. दोन, मंजूर. तीन, मंजूर मंजूर. चारला वड्यांचा वास पुढच्या रांगेपर्यंत पोहोचला आणि 'मंजूर' बाबांच्या आधीच यायला लागलं. पेंडसे सर डोळे मिटून, बोटांवर बोटं ठेवून ऐकत होते. "ठराव पाच," बाबांनी सुरुवात केली, "मुलींच्या संघातील चौथ्या जागेसाठी कुमारी नंदा परब व कुमारी केतकी पेंडसे यांच्यात सर्वांसमक्ष…" इथे ते अडखळले. पण तोवर हॉल म्हणून मोकळा झाला होता, "मंजूर!" आणि पेंडसे सर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "अनुमोदन." मग त्यांनी डोळे उघडले. "काय म्हणालात? काय सर्वांसमक्ष?"

बाबांनी उरलेलं मनातल्या मनात वाचलं. त्यांचे कान लाल झालेले मला मागच्या रांगेतूनही दिसले. "वाचा ना राव," कोणीतरी ओरडलं. निरीक्षकांनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली, अगदी सूचकाच्या नावापर्यंत. मग एकच कल्ला. पेंडसे सर उठून उभे राहिले. "परब, हा विश्वासघात आहे! आपलं काय ठरलं होतं?" पूर्वेच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "काय ठरलं होतं? आम्हाला पण सांगा ना यार." यावर पेंडसे सर खाली बसले, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. निरीक्षकांनी टेबलावर हात आपटला. "हा ठराव कोणी मांडला? सौ. सुमती परब कोण?"

सगळ्या माना वळल्या. आईच्या एका हातात वड्यांची प्लेट होती आणि दुसऱ्या हातात चटणीचा चमचा. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होते. मला घरात चोरी करताना आजवर आईशिवाय कोणी पकडलं नव्हतं, आणि तिला काही विचारावं लागत नसे. तिने प्लेट खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मी. मीच मांडला."

"तुम्हाला बुद्धिबळ येतं का हो वहिनी?" पेंडसे सरांनी गोड आवाजात विचारलं. हा त्यांचा शह होता.

"नाही येत."

"मग तुमच्या मंडळात खेळतात तरी किती जणी?"

"एक," आई म्हणाली. "ही बसलीय समोर. तुमच्या मंडळांत किती खेळतात, सर? त्या जोगेश्वरीच्या मंडळाला मी पत्र टाकलं होतं, आजच्या सभेचं. ते परत आलं. गोदाम बंद आहे म्हणून शेरा मारला होता पोस्टमनने." पूर्वेची बाजू हसली. आई तिकडे वळली. "तुम्ही नका हसू. आपलं भांडुपचं मंडळ गिरणीत आहे, मी तिथूनच पीठ आणते." मग पश्चिमेची बाजू हसली. "चार वर्षं माझं नाव अध्यक्ष म्हणून लावताय. कोणी विचारलं नाही, मी पण बोलले नाही. सही कर म्हटलं की केली. आज एक काम अध्यक्षाचं करते. दोघी पोरी इथेच आहेत, घड्याळं आहेत, सोंगट्या आहेत. खेळू द्या ना. तुम्ही सगळे बुद्धिबळवाले ना?"

बाबा काहीतरी बोलणार होते. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पान मंजूर झालं होतं आणि मंजूर पानावर खाडाखोड करणं त्यांच्याच्याने झालं नसतं, अगदी स्वतःचा गळा वाचवायलासुद्धा. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, मंजूर म्हणालात, सरांनी अनुमोदन दिलंय. मी परत इथे येणार नाही. एक डाव, प्रत्येकी एक तास, आत्ताच. तोवर वडे द्या."

मग जे झालं ते मला आजही फार आवडतं. पश्चिमेच्या लोकांनी शिसवी सोंगट्यांची पेटी उघडली. आई घड्याळांच्या पिशवीपाशी बसली, दोन-चार कानाशी धरून बघितली आणि बारा नंबर उचलून आणलं. "हे खरं चालतं," तिने निरीक्षकांना सांगितलं. "दोन्हीकडून." चार वर्षांनी पहिल्यांदा त्यांची सोंगटी आणि आमचं घड्याळ एका टेबलावर आलं. भोवती गर्दी जमली आणि मधली वाट कुठे गेली ते कळलंच नाही. भांडुपचे गिरणीवाले पार्ल्याच्या एका वकिलाच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. केतकी माझ्यासमोर बसली, चष्मा पुसला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बरं झालं गं. मला काकांच्या चिठ्ठीवर जायचं नव्हतं. घरी सांगून सांगून दमले." मी तिच्याकडे बघतच राहिले. तोवर ती माझ्या डोक्यात पेंडसे सरांसारखीच चालणारी मुलगी होती.

पांढऱ्या सोंगट्या माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या वीस खेळ्या मी छान खेळले. तिचा राजा जरा उघडा पडला होता, माझा हत्ती मोकळ्या रांगेवर होता, आणि आमच्या बाजूचे लोक वडा खाता खाता एकमेकांना कोपर मारत होते. माझ्या डोक्यात नागपूर सुरू झालं. तिथेच सगळं बिनसलं. पटाच्या पार कडेला तिचं एक प्यादं कोणाच्याही राखणीशिवाय उभं होतं. असली प्यादी खायची नसतात, हे मला बाबांनी सहाव्या वर्षी शिकवलं होतं. पण मला नुसतं जिंकायचं नव्हतं. मला त्या ठराव लिहिणाऱ्या दोघांसमोर मिजाशीत जिंकायचं होतं. बाविसाव्या खेळीला मी उंट उचलला आणि ते प्यादं टिपलं, खुंटीही जरा जोरातच दाबली. केतकीने दहा मिनिटं विचार केला. मग तिने शेजारचं प्यादं एक घर, एकच घर, पुढे सरकवलं. उंट कोंडला गेला. परत यायला वाट नव्हती. पुढच्या पंचवीस खेळ्या मी लोंबकळत राहिले, पण एक उंट कमी असताना केतकीसमोर किती लोंबकळणार? मी राजा आडवा केला आणि हात पुढे केला. पेंडसे सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मला त्यांच्याबद्दल नेहमी सांगावंसं वाटतं. त्यांनी फक्त केतकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पटाकडे, उंट मेला त्या घराकडे, बराच वेळ बघत राहिले.

मी वाचनालयाच्या जिन्यात जाऊन बसले आणि रडले. इतकी की नाकाने श्वास घेता येईना. बाबा आले आणि दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, वहीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "मी तिचा खेळ बघितला होता. पार्ल्याला, मागे उभं राहून. दोनदा गेलो होतो. ती तुला भारी पडेल असं वाटलं होतं मला."

मला क्षणभर कळेचना. "म्हणून माझं नाव काढलंत?"

"सगळ्यांसमोर हरशील, त्यापेक्षा…" ते थांबले. "राजकारणात नाव गेलं म्हटलं की माणसाला तेवढं लागत नाही, नंदा. दुसऱ्याला शिव्या घालता येतात. मीसुद्धा तेच करत आलो इतकी वर्षं."

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

"मला हरू द्यायचं होतंत ना, बाबा."

माझ्या बाबांवर मी आयुष्यात पुष्कळदा चिडले, पण त्या जिन्यात चिडले तेवढी कधीच नाही. पद मिळवायला माझी जागा विकली असं मी समजत होते, आणि ते मला परवडलं असतं. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता हे जास्त लागलं. आणि तो नव्हता ते बरोबरच होतं, हे त्याहून. ते उठले, खिशातून रुमाल काढून माझ्याकडे न बघताच मागे धरला. मी तो घेतला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एकही इतिवृत्त सभेआधी लिहून घेतलं नाही. आईने वर्षभराने खरोखरच बिल्डिंगमधल्या सहा मुलींना बसवून खेळायला लावलं आणि अर्ध्या घराचा प्रश्न त्यांच्यावर सोपवला.

आता नातवाच्या स्पर्धांना जाते. घड्याळं आता आकड्यांची, टिकटिक करत नाहीत. संघटना पुन्हा दोन आहेत, मधे तीन होत्या. भांडणं आता व्हॉट्सअॅपवर होतात आणि कोर्टात मिटत नाहीत. पालकांच्या बाकावर माझ्या वयाची बरीच मंडळी भेटतात. प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. निवड समितीत कोणाचा मेहुणा होता, पत्र मुद्दाम उशिरा टाकलं, यादीतून नाव कापलं, नाहीतर आज मी कुठच्या कुठे असतो. त्यांतले काही खरंच बोलत असतात. त्यांच्या त्या 'नाहीतर'चा मला पूर्वी हेवा वाटायचा. माणसं त्याच्या आधाराने म्हातारपण छान काढतात. मग कोणीतरी मला विचारतं, तुम्हीही खेळायचात ना, तुमचं काय झालं, राजकारणच ना? मी सांगते, नाही हो. बाविसाव्या खेळीला हाव सुटली, कडेचं प्यादं खाल्लं, उंट गेला. समोरची मुलगी माझ्यापेक्षा चांगली खेळली.